बुजलेली घोडी, माझी घंटा आणि रूळ उखडलेली वाट

पायवाट

गेल्या रविवारी आम्ही नऊ जण एका जुन्या रेल्वेमार्गावर गेलो होतो. रूळ आणि स्लीपर केव्हाच उचलून नेलेत. खडीवर बारीक दगडी कच अंथरून, रोलर फिरवून वाट केली आहे. चालणारे, सायकलवाले आणि घोडेस्वार, तिघांनाही परवानगी. आमच्यात सहा सायकली आणि तीन घोडे होते. एकत्र निघायचं आणि एकत्र पोचायचं, इतकंच ठरवून निघालो. त्याहून जास्त काही ठरवलं नव्हतं, ही पहिली चूक.

वाटेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. घोडे दुसऱ्यांचे होते आणि जे झालं त्यात वाटेचा काही दोष नव्हता. दोष माझा होता. तो नीट लिहून ठेवावा आणि जाणकारांना विचारावं, म्हणून हा धागा.

एका लांब पुलाच्या अलीकडे भराव आहे. दोन्ही बाजूंना दोन-अडीच पुरुष खोल उतार. घोडे पुढे कदम चालीने चालले होते. मी पाणी प्यायला मागे थांबले होते, म्हणून बाकीच्यांपासून सुटले. मग हलका उतार लागला आणि मी पाय न मारता सायकल सोडून दिली. घोडे दिसत होते, रस्ता सरळ होता, सगळं छान होतं. वीसेक पावलांवर आल्यावर मी घंटा वाजवली. माझ्या समजुतीनं हाच शिष्टाचार होता.

सगळ्यात मागची करडी घोडी जागच्या जागी गर्रकन फिरली. स्वार बाईंचा एक पाय रिकिबीतून सुटला. घोडी तोंड माझ्याकडे करून मागे मागे सरकत गेली, तिचे मागचे पाय भरावाच्या कडेवर आले आणि पायाखालची कच उतारावरून घरंगळताना मला ऐकू आली. तो आवाज अजून कानात आहे.

त्या बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी लगाम ढिला केला, घोडीच्या मानेवर हात ठेवला आणि मला शांतपणे म्हणाल्या, "सायकलवरून उतर. बोलत राहा. काहीही बोल."

मी उतरले. काहीच सुचेना, म्हणून सातचा पाढा म्हणायला लागले. सात पाचे पस्तीस म्हणेपर्यंत घोडीचे कान माझ्याकडे वळले होते. मग ती फुरफुरली, मान खाली घातली आणि दोन पावलं पुढे आली. कुणालाही लागलं नाही. पुढचे पंधरा किलोमीटर मी जवळजवळ काही बोलले नाही, आणि खरं तर बोलायलाच हवं होतं.

माझे प्रश्न: घंटा वाजवायची नाही, तर मग काय करायचं? पूल आणि बोगदे यांचं काय? आणि सायकली-घोड्यांनी एकत्र जावं की नाही? आम्हा सगळ्यांना पुन्हा जायचं आहे, त्या बाईंनाही.


टापांचा आवाज

पायवाट, आधी त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. घोडा बुजला की लगाम आवळायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. आवळला की घोडा आणखी मागे सरकतो, आणि मागे तर उतार होता. त्यांनी ढिला सोडला म्हणून घोडी पुढे आली.

आता घंटेबद्दल. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न हलवता त्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. न दिसणाऱ्या जागा दोनच, एक कपाळासमोर नाकाखाली आणि दुसरी थेट शेपटीमागे. तुम्ही नेमक्या त्या दुसऱ्या जागेतून आलात. सायकलला पावलांचा आवाज नसतो. मोकळी सोडली की मागच्या चाकाची कटकट तेवढी येते, आणि ती कसली हे घोड्याला कळत नाही. मागून काहीतरी वेगानं जवळ येतंय, दिसत नाही, आणि मग एकदम टिणकन वाजतं. हा प्राणी लाखो वर्षं कुणाच्या ना कुणाच्या तोंडचा घास होता. तो आधी पळतो, बघतो नंतर.

माणसाचा आवाज मात्र तो शिंगरू असल्यापासून ऐकत आलेला असतो. त्याला चारा घालणारं, खरारा करणारं, पाठीवर बसणारं सगळं बोलत असतं. म्हणून बोलायचं. पंचवीस-तीस मीटर आधी वेग अगदी कमी करून, मोकळ्या आवाजात: "नमस्कार, मागून सायकल येतेय. डावीकडून जाऊ का?" हे स्वारासाठी असतंच, पण त्याहून जास्त घोड्यासाठी असतं. त्या विचित्र कटकटणाऱ्या वस्तूवर माणूस बसलाय हे त्याला तेव्हा समजतं. स्वारानं "या" म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. कधी कधी तो "थांबा" म्हणेल, घोड्याला वळवून तुमच्याकडे तोंड करून उभा करेल. त्याला तेवढा वेळ द्या.

अजून दोन गोष्टी, ज्या बहुतेक सायकलवाल्यांना कुणी सांगत नाही. सहा जण असाल तर सुटे सुटे, एकामागून एक पुढे जाऊ नका. पहिला गेला, घोडा शांत झाला, तेवढ्यात दुसरा आला, पुन्हा बुजला, असं सहा वेळा होतं. थांबा, गोळा व्हा, "आम्ही सहा आहोत" असं सांगा आणि एका पाठोपाठ एक हळू जा. दुसरं, पुढे गेल्यावर लगेच पॅडल मारत सुसाट निघू नका. कळपातलं कुणीतरी पळालं तर आपणही पळायचं, हे घोड्याच्या हाडीमांसी असतं.

ब्रिटनमध्ये १९६८ च्या कायद्यानं सायकलींना घोड्यांच्या वाटांवर जायची परवानगी मिळाली, पण चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट देण्याच्या अटीवर. आणि अलीकडे तिथे ब्रिटिश हॉर्स सोसायटी आणि सायकलिंग यूके यांनी मिळून हेच सांगणारी मोहीम चालवली आहे, की वेग कमी करा आणि हाक द्या.


वळणवेडा

वाचतोय. पाढ्याचा प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहिला.


दोन चाकं

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा.

घोडा कदम चालीनं तासाला सहा-सात किलोमीटर जातो. सायकल आरामात पंधरा-अठरा. तीस किलोमीटरची वाट असेल तर सायकलवाल्याचे दोन तास आणि घोड्याचे साडेचार-पाच. एकत्र जायचं म्हणजे एकानं सतत ब्रेक लावायचा किंवा दुसऱ्यानं सतत दुडकी मारायची. दोघांनाही त्यात सुख नाही.

शिवाय वाटेचं नुकसान. पावसानंतर घोडे गेलेल्या कचेच्या रस्त्यावर मी सायकल चालवली आहे. खुरांचे खळगे वाळून कडक झाले की दहा किलोमीटर मनगटं दुखतात. हातानं ढकलायच्या गाडीवर मूल घेऊन येणाऱ्या आयांना तर तिथून जाताच येत नाही. मला घोडे आवडतात. पण सगळ्यांना एकाच वाटेवर आणण्याचा अट्टाहास का?


एकेरी लाइन

माझं आयुष्य रेल्वेच्या भरावांवर आणि पुलांवर गेलं, म्हणून या धाग्यात बोलायचा मोह होतोय. लांबलं तर क्षमा करा.

ही वाट गाडीसाठी बांधली होती, हे विसरून चालणार नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी पकड धरतं. म्हणून रेल्वेचा चढ शंभरात एक, फार तर दोनच्या घरात ठेवावा लागतो. डोंगर आला की खोदाई किंवा बोगदा, दरी आली की भराव किंवा पूल. रस्त्यासारखं खाली उतरून वर चढणं गाडीला परवडत नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया क्रीपर ट्रेलचं उदाहरण घ्या, तीही जुन्या रेल्वेमार्गावरचीच वाट. व्हाइटटॉपपासून डमॅस्कसपर्यंत १७ मैलांत साधारण १६०० फूट उतरते, म्हणजे शंभरात पावणेदोन. रेल्वेच्या हिशेबात हा खडा चढ झाला. वाफेचं इंजिन इतकं हळू सरपटत वर जायचं की त्यावरूनच नाव पडलं असं सांगतात. सायकलवाल्याला मात्र हाच उतार इतका सौम्य वाटतो की वेग कधी वाढला ते कळत नाही. पायवाट, तुमची सायकल "आपोआप" गेली ती यामुळे. डोळ्यांना रस्ता सपाट दिसतो, उतार फक्त चाकाला कळतो.

दुसरं म्हणजे, एकेरी लाइनच्या भरावाचा माथा मुळातच अरुंद असतो. एक गाडी आणि बाजूला थोडी खडी मावेल एवढाच. डोंगरातल्या पायवाटेवर घोडा दोन पावलं बाजूला सरकू शकतो. भरावावर दोन पावलं म्हणजे उतार, खोदाईत दोन पावलं म्हणजे भिंत आणि गटार, पुलावर कठडा. म्हणजे समोरासमोर आल्यावर सरकायला जागाच नाही अशी ठिकाणं या वाटांवर सगळ्यात जास्त. जंगलवाटेवर चालून जाणारी चूक इथे महागात पडते.

दोन चाकं यांचा मुद्दा खरा आहे. पाचशे किलोचा घोडा आणि वर स्वार, आणि चालताना हे वजन दोन-तीन खुरांवर पेललेलं. ओल्या कचेला ते सोसत नाही. म्हणून जिथे जागा आहे तिथे मुख्य वाटेला लागून मातीची वेगळी पट्टी ठेवतात, घोड्यांसाठी. मातीवर घोड्याच्या सांध्यांनाही बरं. पण भराव आणि पूल आले की ती पट्टी संपते आणि सगळे पुन्हा एकत्र येतात. म्हणून वेगळं राहा असं म्हणून प्रश्न सुटत नाही. नेमक्या सगळ्यात अवघड जागी एकत्र यावंच लागतं.

पावसानंतर मात्र दोन दिवस घोडे नेऊ नयेत, याला माझा पूर्ण पाठिंबा.

अवांतर: अमेरिकेत १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून बंद पडणारे मार्ग तात्पुरते वाट म्हणून राखायची सोय केली, पुन्हा कधी रेल्वे लागली तर जमीन शाबूत राहावी म्हणून. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती तरतूद वैध ठरवली. ती सोय नसती तर कितीतरी भराव शेतांत आणि कुंपणांत विरून गेले असते. पुढे कधी गाडी आली तर तिची जागा तयार आहे, या विचारानं मला अजूनही बरं वाटतं.


भटकी

काका, असं लिहीत राहा. यातलं बरंच पहिल्यांदाच कळलं.

जाण्याआधी नियम विचारा, हे मी सांगेन. प्रत्येक वाटेचा नियम निराळा असतो. अमेरिकेत मिझुरीमधली केटी ट्रेल सुमारे २४० मैलांची आहे, पण घोड्यांना तिथे ठरावीक टप्पेच मोकळे आहेत. साउथ डकोटातल्या १०९ मैलांच्या मिकलसन ट्रेलवर घोडे चालतात. न्यूझीलंडची ओटागो सेंट्रल रेल ट्रेल १५२ किलोमीटर, तिथेही घोडेस्वारांना वाट आहे. विस्कॉन्सिनची एलरॉय-स्पार्टा, जिला या प्रकारातली पहिली मानतात, तिचा सर्वांत लांब बोगदा पाऊण मैलाचा आहे आणि त्यात सायकलसुद्धा हातात धरूनच न्यावी लागते.

आणि बोगद्यांची आवड असेल तर स्पेनमधली सिएराची हिरवी वाट. ३६ किलोमीटर, ३० बोगदे, ४ उंच पूल. गंमत म्हणजे तिच्यावर गाडी कधी धावलीच नाही. काम अर्धवट राहिलं, रूळ पडलेच नाहीत, आणि कित्येक वर्षांनी सायकली आल्या. वर कड्यांवर गिधाडांची मोठी वस्ती आहे. बोगद्यातून बाहेर आलं की डोक्यावर पंख पसरलेलं गिधाड, हे मी आयुष्यभर विसरणार नाही.


निळाई

मला घोड्यावर बसून तीनच महिने झालेत आणि आमचा गट पुढच्या महिन्यात अशाच वाटेवर जाणार आहे, सोबत सायकलवाले मित्र. वाटेत एक बोगदा आहे आणि लाकडी फळ्यांचा पूल. धागा वाचून भीती वाटायला लागली. नवख्यानं जावं का?


टापांचा आवाज

निळाई, जा. पण पहिल्यांदा फळ्यांचा पूल आणि सायकलींची गर्दी एकाच दिवशी नको. आधी एकदा फक्त घोड्यांसोबत जाऊन पूल ओलांडून या.

पुलाचं असं आहे. फळ्यांवर टापा पोकळ वाजतात आणि फटींतून खाली पाणी हलताना दिसतं. घोड्याला जवळची जमीन नीट पाहायला मान खाली करावी लागते. म्हणून पुलाच्या तोंडाशी थांबा, लगाम ढिला सोडा, त्याला फळ्या हुंगू द्या. पाच मिनिटं लागली तरी लागू द्या. टाच मारून, चाबूक दाखवून पुलावर घातलेला घोडा पुढच्या पुलाला दुप्पट अडतो. सोबत एखादा जुना, शहाणा घोडा असेल तर तो पुढे. त्याच्या शेपटीमागे बाकीचे जातात. फळ्या ओल्या असतील तर उतरून हातात धरून न्या. ओल्या लाकडावर लोखंडी नाल घसरतात.

पूल ओलांडताना सायकली पुलावर नकोत. एकही नको. सायकलवाल्यांनी अलीकडे किंवा पलीकडे उतरून थांबायचं. कठड्याकडेही बघून ठेवा. सायकलसाठी केलेला कठडा घोड्यावरच्या माणसाच्या गुडघ्याच्या आसपास येतो. घोड्यांसाठी तो ५४ इंचांचा असावा असं सुचवतात. कमी दिसला तर पायी उतरा, त्यात कमीपणा नाही.

बोगद्यात घोड्याचा डोळा अंधाराला सरावायला माणसापेक्षा जास्त वेळ घेतो. तोंडाशी सावलीत थोडा वेळ उभं राहा, मग उतरून चालत आत. दुसऱ्या टोकाचा उजेड दिसत असेल तर सोपं जातं. वळणाच्या बोगद्यात ते टोक दिसत नाही, तिथे जुना घोडा पुढे हवाच.


पायवाट

बोगद्याचा अनुभव त्याच दिवशी आला, तो राहिला होता लिहायचा.

घोडी बुजल्यानंतर चार किलोमीटरवर बोगदा होता. आमच्यातल्या एकाच्या सायकलचा पुढचा दिवा लुकलुकत्या सेटिंगवर होता. बोगद्याच्या भिंतीवर तो उजेड नाचायला लागला आणि तिन्ही घोडे तोंडाशीच अडले. दिवा बंद केला तर आम्हाला दिसेना. शेवटी दिवा स्थिर करून, खाली जमिनीकडे वळवून, सायकलवाले आधी चालत पार गेलो आणि पलीकडे उभे राहून बोलत राहिलो. मग स्वार उतरले आणि घोडे घेऊन आले. वयस्कर कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी घोडा पुढे, करडी घोडी सगळ्यात मागे. बोगद्यात टापा घुमत होत्या, माणसं दिसत नव्हती, फक्त स्वारांचे हलके आवाज येत होते: "चल बाळा, चल." पलीकडच्या उजेडात त्या कुमैताचं कपाळ आधी दिसलं.

काका, उताराबद्दल लिहिलंत ते वाचून मी पुन्हा त्या दिवसाचा विचार केला. खरंच, मला वेग कळलाच नव्हता. मला वाटलं मी हळूच येतेय.


जुना पंप

विजेच्या सायकलींबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. युरोपात मोटरची मदत ताशी २५ किमीच्या वेगाला थांबते, अमेरिकेत अशा सायकलींचे वर्ग केलेत, त्यातल्या पहिल्या दोन वर्गांत ३२ ला. म्हणजे चढावरही पंचविशीनं येणारी, जड आणि जवळजवळ निःशब्द सायकल. साध्या सायकलवाल्याला चढावर दम लागतो, तो हाशहुश करतो, घोड्याला माणूस ऐकू येतो. विजेच्या सायकलवाल्याचा तोही आवाज नाही. माझ्याकडे अशी सायकल आहे, गुडघे गेल्यावर तिनंच मला पुन्हा बाहेर काढलं. मी घोडे दिसले की मोटर बंद करतो आणि लांबूनच बोलायला लागतो. बंद करणं महत्त्वाचं. घोड्याच्या बाजूनं जाताना चुकून पॅडलवर भार पडला तर ती एकदम पुढे उडी घेते.


दोन चाकं

एकेरी लाइन काकांचं "सगळ्यात अवघड जागी एकत्र यावंच लागतं" हे मला पटलं. वेगाचा प्रश्न मात्र उरतोच, म्हणून कागदावर मांडून पाहिलं.

समजा २० किलोमीटरचा टप्पा आहे. घोड्यांना मधल्या विश्रांतीसकट साडेतीन तास धरू. सायकलींना दीड. घोडे आधी निघाले आणि सायकली दोन तासांनी निघाल्या तर शेवटी साधारण एकाच वेळी पोचतील. पण मग वाटेत सायकली मागून येऊन कुठेतरी घोड्यांना गाठणार, आणि ते "कुठेतरी" भरावावर आलं की पुन्हा तेच. त्याऐवजी सायकली दुसऱ्या टोकाकडून निघाल्या तर? समोरून आलेली सायकल घोड्याला लांबून दिसते. सरळ वाटेवर तर अर्धा किलोमीटर आधी. भेटायची जागा आधीच ठरवायची, जुन्या स्टेशनची मोकळी जागा. आधी पोचेल त्यानं थांबायचं, दुसरे येईपर्यंत पुढे सरकायचं नाही. तिथून पुढे सगळे घोड्यांच्या चालीनं.

यात सायकलवाल्यांना एकट्यानं मोकळं चालवायला मिळतं आणि उरलेला रस्ता हळू जाण्याबद्दल कुणी कुरकुर करणार नाही. निदान मी तरी करणार नाही.


टापांचा आवाज

दोन चाकं, हे फार चांगलं आहे. स्टेशनच्या जागा त्यासाठी उत्तम, कारण तिथे जास्तीची लाइन असायची, म्हणून भराव रुंद असतो. घोडे वळवता येतात.

एक भर. समोरून येताना वळणाच्या खोदाईत दोन्ही बाजूंना काही दिसत नाही. तिथे शिरण्याआधी हाक द्या, "कुणी आहे का" अशी मोठ्यानं. खोदाईत आवाज छान पोचतो.

आणि घोडेवाल्यांनीही आपलं पाहावं. लीद वाटेच्या मधोमध सोडून पुढे निघून जाणं बरं नव्हे. उतरायचं आणि पायानं कडेला सारायची. पुलावर पडली तर तिथे थांबू नका, घोडा पलीकडे बांधून परत या. ज्या वाटांवरून घोड्यांना बंदी झाली, तिथे भांडण बऱ्याचदा एवढ्यावरूनच सुरू झालेलं मी पाहिलंय. शिवाय खूर तपासत राहा. कचेखाली जुनी रेल्वेची खडी असते, तिचा एखादा धारदार तुकडा वर येऊन खुराच्या तळव्यात रुततो. दर तासाला चारही खूर उचलून बघायचे.


भटकी

व्हर्जिनिया क्रीपरचा विषय निघाला म्हणून. सप्टेंबर २०२४ च्या हेलीन चक्रीवादळात तिचा डमॅस्कसच्या वरचा भाग उद्ध्वस्त झाला, लाकडी पूलच्या पूल वाहून गेले. कुणी जुनी वर्णनं वाचून बेत आखत असेल तर आधी चौकशी करा. केटी ट्रेलची कथा उलटी आहे. १९८६ च्या पुरानं रूळ खचले, रेल्वेनं तो मार्ग सोडला आणि म्हणून वाट झाली. मग १९९३ च्या महापुरानं वाटही बुडवली, आणि लोकांनी पुन्हा उभी केली.


एकेरी लाइन

रेल्वे नदीच्या कडेनं जाते, कारण सौम्य उतार नदीनंच कोरून ठेवलेला असतो. मग पुराचा पहिला मार तिलाच. पुरानंतर वाट उघडली तरी मोऱ्यांजवळ जपून. भरावाच्या पोटात पाणी शिरलेलं असतं, वरून कच अगदी ठाकठीक दिसते आणि खाली पोकळी. सायकल त्यावरून निघून जाईल, घोड्याचा पाय आत जाईल. कडेला अर्धचंद्रासारखी भेग दिसली तर घोडे मागे वळवा.


निळाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल फक्त घोड्यांसोबत जाऊन आले. माझा घोडा पुलाच्या तोंडाशी सात-आठ मिनिटं उभा राहिला. मी काही केलं नाही. मग तो आपणच निघाला. फळ्यांवर पोचल्यावर तो पोकळ आवाज ऐकून माझंच काळीज धडधडत होतं, तो मात्र नीट चालला.


पायवाट

काल पुन्हा गेलो. तीच वाट, तेच नऊ जण.

दोन चाकं यांच्या पद्धतीनं सायकली पलीकडच्या टोकाकडून निघाल्या. जुन्या स्टेशनच्या चौथऱ्यावर आम्ही आधी पोचलो, सायकली कडेला आडव्या ठेवल्या, आणि तिन्ही घोडे वळणावर दिसले तसे बसल्या जागेवरून बोलायला लागलो. करडीनं लांबूनच मान उंच केली, कान ताठ. जवळ आली तेव्हा एक कान आमच्याकडे आणि दुसरा स्वाराकडे.

पुढच्या टप्प्यात बाईंनी मला घोडीच्या डाव्या खांद्याजवळून चालायला सांगितलं, सायकल उजव्या हातात धरून नको, डाव्या हातात, म्हणजे घोडीच्या आणि सायकलच्या मध्ये मी. आधी तिनं सायकलकडे डोळे वटारले. चाकाची कटकट सुरू झाली की अंग चोरायची. मी चालत राहिले आणि बोलत राहिले. किलोमीटरभरानं तिनं कटकटीकडे लक्ष देणं सोडलं. मग बाई म्हणाल्या, "आता बसून बघ, तिच्याच चालीनं." मी सायकलवर बसले. घोड्याच्या कदम चालीनं सायकल चालवणं अवघड असतं, तोल सांभाळावा लागतो, पण जमलं.

भरावावर, जिथे ती बुजली होती, तिथे आम्ही दोघी थांबलो. कडेवर घरंगळलेल्या कचेचा ओघळ अजून दिसत होता. तिथून मी पन्नास मीटर मागे गेले आणि ठरल्याप्रमाणे पुन्हा मागून आले. घंटेला हात लावला नाही. सात एके सात, सात दुणे चौदा. सात त्रिक एकवीसला तिचा एक कान मागे वळला. ती चालतच राहिली.